दोर तपासणारा हात

पावसाळ्यातल्या रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर पाय ठेवायला जागा नसते. सिंहगडाकडे निघालेल्या गाड्यांची रांग, कणसं भाजणाऱ्यांचा धूर, कढईतून निघणारी कांदाभजी आणि समोर भरत आलेलं धरण. लेकरांना खांद्यावर घेऊन बाप त्यांना पाणी दाखवत असतात. ही ओढ मला परकी नाही, मीही त्याच गर्दीतला. म्हणूनच १५ जून २०२५ च्या रविवारी कुंडमळ्याला जमलेल्यांना कोणी बेजबाबदार, हुल्लडबाज म्हटलं की मला ते सहन होत नाही. ती माणसं पाणी बघायला गेली होती.

कुंडमळ्याला इंद्रायणीवर एक लोखंडी पूल होता, तीसेक वर्षांपूर्वीचा, गावकऱ्यांच्या जाण्यायेण्यासाठी बांधलेला. त्या दुपारी तो कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. नवा पूल मंजूरही झालेला होता. तरी त्या घटकेला पुलावर माणसांची दाटी होती आणि तिच्यात दुचाकीही होत्या. एका वेळी या पुलावर किती माणसं चालतील हे ठरवून तेवढीच सोडणारी व्यवस्था मात्र नव्हती.

जुन्या पुलांबद्दल आपल्याकडे दोनच भाषांत बोललं जातं. एक वारशाची: इंग्रजांच्या काळातला पूल, सुंदर कमानी, रंगरंगोटी करा, दिवे लावा, माहितीचा फलक उभारा. दुसरी पाडकामाची: आयुष्य संपलं, धोकादायक, पाडा आणि नवा बांधा. या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी भाषा असते, निगराणीची, आणि ती आपण विसरत चाललो आहोत. किल्ला पडका राहिला तरी किल्ला असतो. पुलावरून मात्र माणूस जातो, त्यामुळे त्याची निगा राखणं हेच त्याचं जतन. माझं म्हणणं असं, की जुना पूल जपायचा म्हणजे त्याच्यावर रोज नजर ठेवणारा माणूस जपायचा, आणि वेळ येताच पूल बंद करण्याचा त्या माणसाचा अधिकार जपायचा. या दोन्हींवाचून केलेलं सुशोभीकरण घातक ठरतं. झुलत्या पुलाच्या बाबतीत तर ते जीवघेणं ठरलेलं आपण पाहिलं आहे.

हे मांडायला खडकवासला का निवडलं, ते सांगतो. इथं झुलता पूल नाही. पण पूल कशानं पडतो, याचा अभ्यास या गावात झालेला आहे. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारनं सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक विशेष कक्ष सुरू केला. तोच पुढे खडकवासल्याला स्थिरावला आणि वाढत वाढत आजचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र झाला. सर क्लॉड इंग्लिस यांनी या संस्थेत नद्यांच्या लहान प्रतिकृती करून प्रयोग केले. बंगालमधल्या पद्मा नदीवरच्या हार्डिंज पुलाच्या खांबाभोवती पूर तळ कसा उकरतो, हे इथल्या प्रतिकृतीत पाहिलं गेलं. त्यातून निघालेलं सूत्र पूल बांधणाऱ्यांच्या पुस्तकांत आजही 'इंग्लिस-पूना' या नावानं येतं. पुलाचा शत्रू वरचा भार जेवढा, तेवढाच खालचा भोवरा. खांब उभा दिसतो, माथा सरळ दिसतो, आणि पायाखालची वाळू निघून गेलेली असते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा दगडी कमानींचा पूल वाहून गेला. तो १९२८ सालचा. एसटीच्या दोन गाड्या आणि एक खासगी मोटार अंधारात पुरात गेली. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि पूल वाहतुकीस योग्य असल्याचं नोंदलं गेलं होतं. इथे कोणी मला अडवेल: तुम्ही निगराणीचं एवढं कौतुक करता, पण तपासणी तर झालीच होती! आक्षेप रास्त आहे. माझं उत्तर इतकंच, की उन्हाळ्यात एकदा येऊन पुलावरून नजर फिरवणं ही निगराणी नव्हे. पुराच्या दिवसांत पाण्याची पातळी पाहणं, पूर ओसरल्यावर पायाशी काय उरलं ते पाहणं, मागच्या वर्षीच्या नोंदीशी यंदाची ताडणं आणि शंका आली की रस्त्यावर आडवा दांडा टाकणं, इतकं सगळं मिळून निगराणी होते.

नदीच्या पात्रात खांब रोवण्याचा हा धोका टाळायलाच झुलता पूल जन्माला आला. दोन काठांवर दोन मनोरे, त्यांवरून टाकलेले दोर किंवा साखळ्या, दोरांपासून खाली लोंबणाऱ्या सळया आणि त्या सळयांना अडकवलेली चालण्याची वाट. पात्रात काहीच नाही, त्यामुळे पूर खालून निघून जातो. पण संकट संपत नाही, जागा बदलतं. दगडी कमानीत एक चिरा निखळला तर शेजारचे चिरे बराच काळ सांभाळून घेतात. झुलत्या पुलात सगळा भार अखेर दोरावर, आणि दोर ज्या जागी जमिनीत गाडला त्या नांगरावर येतो. तिथेच पाणी मुरतं, तिथेच माती साचते आणि माणसाची नजर तिथेच पोचत नाही. रंगवलेल्या दोराच्या पोटात गंज किती आहे, हे बाहेरून दिसत नाही.

माझ्या आजोबांच्या मळ्यात मोट होती. मी ती चालताना पाहिली नाही, विहिरीवरची दगडी थारोळी तेवढी पाहिली. पण नाड्याची गोष्ट घरात सांगितली जाई. मोट ओढणारा जाड दोर तो नाडा, आणि मोटेचं तोंड उघडझाक करणारा बारीक दोर तो सोंदूर. मोट धरण्याआधी आजोबा नाडा हातातून फिरवायचे. डोळ्यांनी पाहायचे नाहीत, बोटांनी पाहायचे. पेडातला एखादा धागा तुटला की बोटाला टोचतो. असा टोचला की त्या दिवशी मोट बंद. मग ऊस वाळत असो नाहीतर शेजारी हसत असो. कारण भरली मोट विहिरीच्या तोंडाशी आलेली असताना नाडा तुटला, तर पुढे ओढणारी बैलजोडी सावरत नाही. दोरावर चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीचं शास्त्र एवढ्यात आलं: दोर रोज हाताखालून जायला हवा, आणि 'आज बंद' म्हणायला कोणाची परवानगी लागायला नको.

आता मोरबी. गुजरातेतला मच्छू नदीवरचा तो झुलता पूल १८८७ चा, तिथल्या संस्थानिकांच्या काळातला. २६ ऑक्टोबर २०२२ रोजी, गुजराती नववर्षाच्या दिवशी, दुरुस्तीनंतर तो पुन्हा उघडला. ३० ऑक्टोबरच्या संध्याकाळी तुटला. १३५ माणसं गेली, त्यांत मुलं किती तरी होती. नंतर विशेष तपास पथकाच्या प्राथमिक अहवालात जे आलं ते प्रत्येक वारसाप्रेमी माणसानं सावकाश वाचावं. मुख्य दोर सात पेडांचा, प्रत्येक पेडात सात तारा, एकूण एकोणपन्नास. त्यांपैकी बावीस तारा गंजलेल्या होत्या, त्या बहुधा आधीच तुटलेल्या असाव्यात. दुरुस्तीत दोर बदलला गेला नाही. बदलली ती चालण्याची वाट. लाकडी फळ्या काढून ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले आणि त्यांनी पुलाचं वजन वाढलं. जुन्या लोंबत्या सळयांना नव्या सळया वेल्डिंगनं जोडल्या. म्हणजे जे लोकांना दिसणार होतं ते नवं झालं, आणि ज्यावर माणसांचे जीव टांगलेले होते ते जुनंच राहिलं.

त्याच महिन्यातली दुसरी घटना आपल्याकडे फारशी कोणी लक्षात घेतली नाही. ब्रिटनमध्ये वेल्सच्या किनाऱ्यावर मेनाईचा झुलता पूल आहे, थॉमस टेलफर्डनं बांधलेला, ३० जानेवारी १८२६ रोजी उघडलेला. मोरबीचा पूल तुटण्याच्या नऊ दिवस आधी, २१ ऑक्टोबर २०२२ रोजी, तो अचानक बंद करण्यात आला. लोंबत्या सळयांची, इंजिनिअर ज्यांना हँगर म्हणतात त्यांची, ताकद पुरेशी नसल्याची शंका अभ्यासातून पुढे आली होती. पूल पडला नव्हता, कोणी जखमी झालं नव्हतं, नुसती शंका होती. पलीकडच्या बेटावरचे लोक चिडले, दुकानदारांचा धंदा बुडाला, दुसऱ्या पुलावर कोंडी झाली. तरी पूल तीन महिन्यांहून अधिक काळ बंद राहिला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये उघडला तेव्हा साडेसात टनांची मर्यादा घालूनच. हे इंग्रजांचं कौतुक म्हणून सांगत नाही. दोन पूल, दोन्ही एकोणिसाव्या शतकातले, एकच महिना. एका ठिकाणी शंका आली म्हणून बंद केला. दुसऱ्या ठिकाणी सणाचा मुहूर्त साधायचा म्हणून नगरपालिकेच्या योग्यता प्रमाणपत्राविना उघडला.

वारसा जपणाऱ्यांकडून एक प्रश्न हमखास येतो: दोर बदलला, सळया बदलल्या, तर तो जुना पूल राहिला कुठे? मेनाईकडेच पाहा. १८९३ मध्ये त्याची लाकडी वाट जाऊन पोलादी आली. १९३८ ते १९४१ या काळात टेलफर्डच्या मूळ लोखंडी साखळ्या उतरवून पोलादी साखळ्या चढवल्या. तरी तो टेलफर्डचाच पूल आहे, कारण त्याची रचना, मनोरे, त्याचं काम आणि त्याची नोंद सलग आहे. आपल्याला तर हे समजायला परदेशी जायचीही गरज नाही. जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेत देवळाच्या संदर्भात किती सहज येतो! अहिल्याबाई होळकरांनी ठिकठिकाणी देवळं, घाट उभे केले, तेव्हा जुना दगड गेला म्हणून देव गेला असं कोणी म्हटलं नाही. पुण्याचा लकडी पूल पानिपतानंतर पेशव्यांनी लाकडाचा बांधला. लाकूड एकोणिसाव्या शतकातच गेलं, दगड आला, नाव बदलून संभाजी पूल झालं, १९६१ च्या पुरानं तो गिळला आणि तो पुन्हा उभा राहिला. तरी रिक्षावाल्याला 'लकडी पूल' म्हटलं की तो बरोबर तिथे नेतो. टिकून राहायला मूळ लाकूड लागलं नाही. झुलत्या पुलाचा दोर बदलणं म्हणजे विटंबना नव्हे. तो त्या पुलाचा नित्याचा आहार आहे.

झुलता पूल ही बाहेरून आणलेली हौस आहे, असाही एक समज दिसतो. सागरची हकीकत त्याला छेद देते. मध्य प्रदेशातलं सागर हे एके काळी मराठ्यांचं ठाणं, गोविंदपंत बुंदेल्यांमुळे आपल्या इतिहासात आलेलं. तिथल्या टांकसाळीतल्या प्रेसग्रेव्ह या अधिकाऱ्यानं १८२८ ते १८३० या काळात जवळच्या बेवस नदीवर लोखंडी झुलता पूल बांधला. लोखंड विलायतेहून आणलं नाही. त्याच मुलखातल्या खाणींतलं, तिथल्याच भट्ट्यांत गाळलेलं आणि तिथल्याच लोहारांनी घडवलेलं ते लोखंड होतं. आपल्या लोहारांच्या हाताला हे काम दोनशे वर्षांपूर्वी येत होतं. म्हणून आज झुलत्या पुलाच्या देखभालीचं ज्ञान आपल्याकडे नाही, असं कोणी म्हणालं की मला ते पटत नाही. त्या हाताला महिन्याचा पगार द्यायची तयारी आपण ठेवत नाही, अडचण ही आहे.

पैशाचा मुद्दा मी टाळणार नाही. अंदाजपत्रकात नव्या पुलासाठी कोटी सापडतात आणि कोनशिलेवर नावही लागतं. जुन्या पुलाला वंगण, रंग, दोराची चाचणी आणि दोन माणसांचा बारा महिन्यांचा पगार यासाठी शीर्षकच सापडत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची एक गोष्ट यासाठी मोलाची वाटते. बांधकाम चालू असताना तार पुरवणाऱ्यानं हलक्या प्रतीची तार घुसवल्याचं उघडकीला आलं. ती तार दोरात विणली गेली होती, काढता येणार नव्हती. पण मुळात रोबलिंग पितापुत्रांनी दोर गरजेच्या सहापट ताकदीचा धरला होता. फसवणुकीचा हिशेब करून प्रत्येक दोरात दीडशेच्या आसपास तारा वाढवल्या आणि १८८३ मध्ये उघडलेला तो पूल आजही उभा आहे. जुन्या बांधणाऱ्यांनी पुलात ठेवलेली ही शिल्लक ताकद म्हणजे आपल्याला मिळालेली ठेव. पत्रे चढवून, गर्दी वाढवून, गंज वाढू देऊन आपण ती ठेव गुपचूप खर्च करतो, आणि ठेव संपली हे कळतं ते पूल पडतो तेव्हा.

पाडणं हा उपाय सोपा वाटतो, कधी कधी तो योग्यही असतो. पण खंडाळ्याच्या घाटातला १८३० चा अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या शांततेत सुरुंग लावून पाडला, तेव्हा वाहतुकीची सोय झाली हे मान्य करूनही मला चुकल्यासारखं वाटलं. दुसरा मार्ग पुण्यातच होता. बंडगार्डनचा फिट्झगेराल्ड पूल १८६७ चा, टोकांवर सिंह बसवलेला, कमानींचा. शेजारी नवा पूल झाल्यावर त्याच्यावरची वाहनं काढून घेतली आणि तो चालणाऱ्यांसाठी उरला. जुन्या पुलाचं ओझं कमी करणं ही त्याला दिलेली खरी मानवंदना. फक्त ओझं काढलं की त्याच्याकडे पाहणारा माणूसही काढला जातो, ही भीती असते. विश्रांती दिलेल्या पुलालाही नोंदवही हवी.

गावकऱ्यांची बाजू वेगळी आहे आणि ती मला सगळ्यात जड वाटते. शहरातला माणूस पूल बंद करा म्हणतो, पण त्याच पुलावरून कोणाचं दूध डेअरीला जातं, कोणाची मुलगी शाळेत जाते. कोकणात पावसाळ्यात साकव वाहून गेला की वाडीचा जगाशी संबंध तुटतो, हे दरवर्षी घडतं. अशा माणसाला 'पूल धोकादायक आहे' असा फलक दाखवणं म्हणजे जबाबदारी त्याच्या अंगावर ढकलणं. पर्यायी वाट न देता पूल बंद केला की तो बंद राहत नाही. लोक अडथळे बाजूला सारतात आणि त्यांच्या जागी मीही तेच करेन. म्हणून धोक्याचा फलक आणि पर्यायी वाट एकाच दिवशी आली पाहिजे. गावकऱ्यांची रोजची दहा-वीस माणसं आणि रविवारची शेकडोंची गर्दी हे दोन वेगळे भार आहेत. पहिला जुना पूल कदाचित अजून वर्षभर पेलेल, दुसरा तो एक दिवसही पेलणार नाही.

आणि आम्हा लोकांना पूल बंद करताच येत नाही, असं कोणी म्हणू नये. पुण्याच्या मध्यात मुठेवर बाबाराव भिडे पूल आहे, ठेंगणा, पुरात बुडायचाच अशा बेतानं बांधलेला. दर पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढवल्याची बातमी येते, अमुक हजार क्युसेक, आणि पाणी पुलाला लागण्याआधी दोन्ही बाजूंना अडथळे उभे राहतात. डेक्कनला जाणारा कुरकुरतो, वळसा घालून जातो. मंत्री येऊन तो पूल उघडत नाही. सणासाठीही उघडत नाहीत. कारण इथे मर्यादा आकड्यात ठरलेली आहे, आकडा सगळ्यांना माहीत आहे, आणि तो मोजणारी माणसं धरणावर रात्रंदिवस बसलेली आहेत.

हीच शिस्त त्या धरणाला महागात शिकून मिळाली. कॅप्टन फाइफ यांच्या योजनेतून १८६९ ते १८७९ या दहा वर्षांत ते दगडी धरण उभं राहिलं. १९०३ मध्ये विश्वेश्वरय्यांनी आपले स्वयंचलित दरवाजे पहिल्यांदा इथेच बसवले, आणि बांध न उंचावता पाणी वाढलं. १२ जुलै १९६१ रोजी वरचं पानशेत फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचा बांधही टिकला नाही. पेठांमधल्या घरांत पाण्याच्या खुणा पुढे कैक वर्षं दिसत होत्या. धरण पुन्हा बांधलं, दुरुस्त केलं, आणि आज दीडशेच्या उंबरठ्यावर ते शहराला पाणी पाजतं आहे. त्याला कोणी वारसा म्हणून हार घालत नाही. त्याची पातळी मात्र रोज लिहिली जाते.

राज्यातल्या प्रत्येक जुन्या लोखंडी आणि झुलत्या पुलासाठी मला नेमकं एवढंच हवं आहे. दोन्ही तोंडांना पाटी: बांधल्याचं साल, दोर किंवा सांगाडा शेवटचा कधी तपासला ती तारीख, एका वेळी किती माणसं, आणि पूल बंद करण्याचा अधिकार असलेल्या माणसाचं पद व फोन. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी दोन्ही बाजूंना एकेक माणूस, मोजून सोडणारा. तपासणीची वही गावच्या ग्रामपंचायतीत, कोणालाही पाहता येईल अशी. आणि दुरुस्तीचं काम कोणत्याही कंत्राटदाराला दिलं, तरी आधी दोर, मग फळी, हा क्रम निविदेतच लिहिलेला.

गेल्या पावसाळ्यात चौपाटीवरून परतताना भोंगा वाजला. विसर्ग वाढवत होते. कणसं विकणाऱ्या बाईंनी शेगडी उचलून मागे घेतली, माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "दादा, आता भिडे पुलानं जाऊ नका, बंद करतील." त्यांनी हातातल्या फोनकडे पाहिलं नव्हतं. धरणाचा आकडा त्यांना भोंग्यातूनच कळला होता. मी म्हात्रे पुलावरून घरी आलो.